ताकाला जाताय, तर भांडं लपवू नका

ब्रिटनमधल्या पक्षनेत्यांना आणि त्यांच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
मजूर, हुजूर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, रिफॉर्म यूके, स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि वेल्समधला प्लाइड कम्री या पक्षांचे नेते व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची. २००३ पासून लंडनच्या पश्चिमेकडे राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. पासपोर्ट अजून भारताचाच, पण कॉमनवेल्थ देशाची नागरिक म्हणून इथल्या संसदेच्या निवडणुकीत मला मत देता येतं आणि आजवर एकही निवडणूक मी चुकवलेली नाही. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण युती, आघाडी, फूट, बाहेरून पाठिंबा ही सगळी बाराखडी मी मराठीतच शिकले. इंग्रजी प्रत माझी लेक करून देणार आहे, ती तुमच्या कार्यालयांत पोचेल. पण आधी माझ्या माणसांनी हे वाचावं अशी इच्छा आहे. हॅरो, स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्स इथले मराठी लोकही तुमचे मतदार आहेत, आणि मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन आम्ही हेच बोलत उभे असतो.

मागणी एकच आहे. पुढच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही तर तुम्ही कुणाबरोबर बसणार, कशासाठी बसणार आणि त्यासाठी आपल्या जाहीरनाम्यातलं काय सोडणार, हे मतदानाआधी सांगा. लेखी सांगा.

अशी वेळ येणारच नाही, असं कृपा करून म्हणू नका. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं पडली आणि ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्मला १४.३ टक्के मतांवर ५ जागा, लिबरल डेमोक्रॅटना त्याहून कमी, १२.२ टक्के मतांवर ७२. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीची मतं गेली, असा हा हिशेब आहे. दोन पक्षांची झुंज असते तोवर तो कसाबसा जमतो. मतं पाच-सहा ठिकाणी वाटली गेली की तोच हिशेब कुणाला कुठे नेऊन सोडेल याचा भरवसा राहत नाही. मे २०२५ मध्ये रनकॉर्न आणि हेल्सबीची पोटनिवडणूक रिफॉर्मनं ६ मतांनी जिंकली. सहा! आमच्या दुकानात सकाळी दार उघडायच्या आधी याहून जास्त माणसं उभी असतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेल्सच्या विधिमंडळाची कॅरफिलीची जागा, मजूर पक्षाचा पिढ्यान् पिढ्यांचा बालेकिल्ला, प्लाइड कम्रीनं घेतली आणि मजूर पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत व्हायची आहे. ६५० च्या सभागृहात बहुमताचा आकडा ३२६, आणि उत्तर आयर्लंडच्या शिन फेन पक्षाचे खासदार जागेवर बसतच नाहीत म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. तेवढंही कुणाला एकट्याला जमलं नाही तर काय करायचं, याचा विचार तुमच्या कचेऱ्यांमध्ये आत्ताच चालू असणार. माझा आग्रह एवढाच की तो विचार आम्हालाही कळू द्या.

युती वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या राज्यात १९९५ पासून एकाही पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळालेलं नाही, आणि तरी राज्य चाललंय, धरणं झाली, रस्ते झाले, शाळा चालल्या. एका घरात दोन सुना नांदतात, त्यांच्यात कुरबुर होते, पण चूल पेटते. तुमच्याकडे मात्र युती हा शब्द अजून शिवीसारखा वापरला जातो, आणि ज्या गोष्टीची लाज वाटते ती माणसं चोरून करतात. माझं दुखणं तिथे आहे.

२०१० ची गोष्ट घ्या. ६ मेला मतदान झालं. हुजूर ३०६, मजूर २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७. पाच दिवस व्हाइटहॉलमध्ये बंद दाराआड वाटाघाटी झाल्या, ११ तारखेच्या संध्याकाळी मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी राजीनामा दिला, आणि दुसऱ्या दिवशी डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरन आणि लिबरल डेमोक्रॅटांचे निक क्लेग उन्हात शेजारी शेजारी उभे राहिले. मी दुकानाच्या मागच्या खोलीत डबा खाताना ते छोट्या टीव्हीवर पाहिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. दोन पक्ष, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, देशासाठी एका टेबलाशी बसले, याचं कौतुक वाटलं.

क्लेग यांना आज सगळे नावं ठेवतात, पण एका बाबतीत त्यांनी इतरांपेक्षा प्रामाणिकपणा दाखवला होता. सर्वांत जास्त मतं आणि जागा ज्याला, त्याच्याशी आधी बोलू, हे त्यांनी निवडणुकीआधीच सांगितलं होतं. जाहीरनाम्याच्या अग्रभागी चार गोष्टी ठळक मांडल्या होत्या: करात न्याय, गरीब मुलांच्या शाळांना जादा पैसा, हरित अर्थव्यवस्था आणि राजकीय सुधारणा. सरकारात गेल्यावर त्यातलं बरंच त्यांनी करूनही दाखवलं. आयकराची करमुक्त मर्यादा दहा हजार पौंडांवर नेली. गरीब विद्यार्थ्यांमागे शाळांना वेगळा निधी मिळू लागला.

मग पाच वर्षांनी ५७ चे ८ का झाले?

कारण त्या चार गोष्टींखेरीज एक पाचवी गोष्ट होती, आणि तिच्यावर सह्या होत्या. विद्यापीठाच्या शुल्कवाढीविरुद्ध मतदान करू, अशा विद्यार्थी संघटनेच्या वचनपत्रावर पक्षाच्या उमेदवारांनी सही केली होती, हातात कागद धरून फोटो काढले होते. ९ डिसेंबर २०१० ला शुल्काची कमाल मर्यादा सुमारे ३,३०० पौंडांवरून ९,००० वर नेणारा ठराव ३२३ विरुद्ध ३०२ असा पास झाला. याच पक्षाच्या २१ खासदारांनी विरोधात मत दिलं, त्यात चार्ल्स केनेडी आणि मेन्झिस कॅम्पबेल हे दोन माजी नेतेही होते. बाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये विद्यार्थी थंडीत पोलिसांच्या कड्यात अडकून उभे होते. ती चार कलमं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. सह्या राहिल्या.

आणि याहून जास्त मला काय लागलं असेल, तर नंतर बाहेर आलेलं एक टिपण. मार्च २०१० मध्ये, म्हणजे मतदानाच्या दोन महिने आधी, पक्षाच्या वाटाघाटींची तयारी करणाऱ्या गटाच्या गोपनीय कागदात लिहिलेलं होतं की त्रिशंकू संसद आली तर शुल्काच्या मुद्द्यावर फार ताणायचं नाही. म्हणजे एका हातानं वचनपत्रावर सही आणि दुसऱ्या हातानं हे टिपण. सोडायचं काय हे आधीच ठरलं होतं, फक्त ज्यांच्या मतावर निवडून यायचं त्यांना सांगितलं नव्हतं. आमच्याकडे याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. शेजारणीकडे ताक मागायला गेलेली बाई पदराखाली भांडं लपवते, तेव्हा ताक मागण्यात कमीपणा आहे असं तिनं स्वतःच ठरवून टाकलेलं असतं. तिच्या घरी ताक नाही हे गल्लीला आधीच ठाऊक असतं.

सप्टेंबर २०१२ मध्ये क्लेग यांनी माफी मागितली. वचन मोडल्याची नव्हे, जे पाळता येईल याची खात्री नव्हती असं वचन दिल्याची. माफी मागायला धैर्य लागतं, मी ते मानते. पण तेच वाक्य एप्रिल २०१० मध्ये बोलले असते तर? "बहुमत मिळालं तर शुल्क काढू, युतीत गेलो तर मात्र हा मुद्दा आमच्या पहिल्या चारांत नाही." काही मतं गेली असती, कदाचित बरीच. पण पुढच्या पंधरा वर्षांत त्या पक्षाच्या प्रत्येक वचनापुढे लोकांनी जे प्रश्नचिन्ह लावलं, ते लागलं नसतं.

मोठ्या पक्षांनी यावर मान डोलवून स्वस्थ बसू नये. २०१७ मध्ये मी ८ जूनला आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या प्राथमिक शाळेत गेले. खुर्च्या मुलांच्या मापाच्या, भिंतीवर हातांचे रंगीत ठसे, दोरीला बांधलेली आखूड पेन्सिल. फुली मारली, कागद दुमडून पेटीत टाकला. हुजूर पक्षाचं बहुमत हुकलं, आणि बरोबर अठरा दिवसांनी पंतप्रधान थेरेसा मे यांनी सरकार टिकवायला उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या १० खासदारांशी करार केला आणि त्या भागासाठी १ अब्ज पौंडांचा जादा निधी दिला. तो पक्ष इंग्लंडमध्ये उमेदवारच उभा करत नाही. माझ्या हातातल्या कागदावर त्याचं नाव नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. उत्तर आयर्लंडला पैसा मिळाला याचं मला दुःख नाही, तिथल्या दवाखान्यांनाही गरज आहेच. पण त्या दहा मतांवर सरकार उभं राहील ही शक्यता मतदानाआधी मला कुणी सांगितली नव्हती.

आता माझ्या महाराष्ट्राकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की आधी जाहीर केलेल्या युतीचं तरी काय होतं, पाहिलं आम्ही. बरोबर आहे, मीही पाहिलंय. २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेनेनं एकत्र मतं मागितली. निकाल आला: १०५ आणि ५६. २८८ च्या सभागृहात दोघांचं मिळून बहुमत स्पष्ट होतं. तरी महिनाभर सरकार झालं नाही. वाद होता तो मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं ठरलं होतं की नाही यावर. एकजण म्हणे, बंद खोलीत ठरलं होतं. दुसरा म्हणे, असं काही ठरलंच नव्हतं. राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला सांगलीहून आईचा फोन आला, "अगं, उठून टीव्ही लावला तर शपथविधी होऊनसुद्धा गेला होता." आणि पाच दिवसांत, २८ तारखेला, शिवाजी पार्कवर तिसऱ्याच तिघांच्या सरकारची शपथ झाली. कोण खरं बोलत होतं ते मला माहीत नाही आणि इथे त्याचा निवाडा मला करायचाही नाही. मला त्यातून दिसलं ते हे, की युती जाहीर होती पण अट जाहीर नव्हती. कागद असता तर तो वाचून आईनंही सांगितलं असतं कोण चुकलं. म्हणून तुमच्याकडे मी निव्वळ मैत्रीची घोषणा मागत नाही. मला अटी हव्यात, कागदावर.

आणि हे तुम्हाला जमत नाही असंही नाही, कारण तुम्ही ते एकदा केलेलं आहे. मार्च १९९७ मध्ये, निवडणुकीच्या दोन महिने आधी, मजूर पक्षाचे रॉबिन कुक आणि लिबरल डेमोक्रॅटांचे रॉबर्ट मॅक्लेनन यांनी मिळून एक दस्त प्रसिद्ध केला. दोन पक्ष निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढत होते, गल्लोगल्ली भांडत होते, आणि तरी राज्यघटनेच्या सुधारणांबद्दल आपलं कशावर एकमत आहे हे त्यांनी लोकांपुढे ठेवलं: स्कॉटलंड आणि वेल्सला स्वतःची विधिमंडळं, मानवी हक्कांचा कायदा, मतदान पद्धतीवर आयोग आणि मग सार्वमत. टोनी ब्लेअर यांना इतकं मोठं बहुमत मिळालं की युतीची गरजच उरली नाही. तरी त्यातल्या पहिल्या गोष्टी झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सार्वमत झालं, १९९८ मध्ये मानवी हक्क कायदा आला. मतदान पद्धतीवर रॉय जेन्किन्स यांच्या आयोगानं १९९८ मध्ये अहवालही दिला. सार्वमत मात्र झालं नाही. अहवाल कपाटात गेला. आज मजूर पक्षातले जे लोक रिफॉर्मच्या वाढीला घाबरून रात्री झोपत नाहीत, त्यांनी ते कपाट एकदा उघडून बघावं. आणि हो, काय पाळलं आणि काय सोडलं हे आज मी इतकं नेमकं सांगू शकते, ते तो दस्त छापलेला होता म्हणूनच.

वेल्समध्ये तर मजूर आणि प्लाइड कम्रीनं २०२१ मध्ये ४६ मुद्द्यांचा सहकार्य करार केला, एकाच सरकारात न बसता. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला मोफत जेवण हे त्यातलंच. २०२४ मध्ये प्लाइडनं करार मुदतीआधी सोडला. सोडला तर सोडला. जेवण मुलांच्या ताटात पडतंय. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि ग्रीन यांचा २०२१ चा करार एप्रिल २०२४ मध्ये एका सकाळी मोडला आणि चार दिवसांत हमझा युसूफ यांना प्रथम मंत्रिपदाचा, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्रिपदाचा, राजीनामा जाहीर करावा लागला. करार कसा करावा आणि कसा मोडू नये, दोन्हींचे धडे तुमच्याच बेटावर आहेत. वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या संसदेला, ते शिकायचे नाहीत एवढंच.

तुम्ही उघड का बोलत नाही हे मला कळतं. २०१५ च्या प्रचारातला तो फलक मी बसथांब्यावर पाहिलेला आहे: स्कॉटिश नॅशनल पार्टीचे अलेक्स सामंड यांच्या कोटाच्या खिशात मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड, एवढेसे. युतीची नुसती शंका दाखवून मतं फिरवता येतात हे तेव्हा सर्वांनी शिकून घेतलं. पण ती भीती का चालली? मिलिबँड यांनी आधीपासून स्वच्छ कागद समोर ठेवला असता, की या मुद्द्यांवर बोलू, या मुद्द्यांवर बोलणार नाही, स्कॉटलंडच्या दुसऱ्या सार्वमताचा सौदा होणार नाही, तर खिशाचं चित्र काढणाऱ्याला खिसा कुठे सापडला असता? अंधार तुम्ही ठेवता आणि मग त्यात दुसरा भूत उभं करतो.

हुजूर आणि रिफॉर्म यांना वेगळं सांगते, कारण या प्रश्नावर सगळे डावीकडेच बोट दाखवतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये नायजेल फराज यांनी हुजूर पक्षानं आधी जिंकलेल्या ३१७ जागांवर ब्रेक्झिट पक्षाचे, म्हणजे आताच्या रिफॉर्मचे, उमेदवार उभे केले नाहीत. तो निर्णय निदान जाहीर होता. आता तुमच्या दोघांच्या सभासदांमध्ये एकत्र येण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते आणि नेते ती झटकून टाकतात. खरंच येणार नसाल तर तसं जाहीरनाम्यात लिहा. येणार असाल तर आमच्यासारख्या लोकांच्या व्हिसाचं, इथे कायम राहण्याच्या परवान्याचं, आमच्या इस्पितळांतल्या परिचारिकांचं तुमच्या वाटाघाटीत काय होणार, हेही लिहा. माझ्या ओळखीत केरळच्या आणि कोल्हापूरच्या मुली आहेत, रात्रपाळी करून सकाळी घरी जाताना त्या माझ्या दुकानात थांबतात. त्यांचं आयुष्य कुणाच्या देवाणघेवाणीत चिल्लर म्हणून जाऊ नये.

२०२४ च्या जूनमध्ये संध्याकाळी दाराची बेल वाजली. छातीवर पक्षाचं फुल, हातात फळीला लावलेला कागद, विशीतला मुलगा. पक्ष सांगत नाही. त्यानं दिलेल्या पत्रकावर उभ्या पट्ट्यांचं चित्र होतं: इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो, दुसऱ्याला मत म्हणजे मत वाया. त्याच आठवड्यात दुसऱ्या पक्षाचं पत्रक आलं होतं, तसंच चित्र, फक्त उंच पट्टी त्यांची. मी विचारलं, "बाळा, बहुमत नाही मिळालं तर तुम्ही कुणाबरोबर जाणार?" तो गोंधळला. मग म्हणाला, तो प्रश्नच येत नाही. मी म्हटलं, मला येतोय. त्यानं कागदावर माझ्या घरापुढे काहीतरी खूण केली, आभार मानले आणि फाटक नीट लावून गेला. चांगला मुलगा होता. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तुम्ही त्याला दिलंच नव्हतं.

तर जाहीरनाम्यात एक पान घाला. एकच पान पुरे. सरकारात जायचं झालं तर ज्यांच्याशिवाय जाणार नाही अशा गोष्टी, ज्यांवर तडजोड करू अशा गोष्टी, आणि ज्या पक्षाबरोबर कोणत्याही परिस्थितीत बसणार नाही त्याचं नाव. निकालानंतर घाई करू नका. २०१० मध्ये मंत्र्यांनी आधी कारभार हाती घेतला आणि पूर्ण कार्यक्रम मग २० मेला छापून आला. लिबरल डेमोक्रॅटांचं खास अधिवेशन बर्मिंगहॅमला भरलं तेव्हा सरकार बनूनही गेलं होतं. जर्मनीत २०२१ मध्ये तीन पक्षांना करार लिहायला दोन महिने लागले आणि देश बुडाला नाही. जुनं सरकार कामकाज पाहत होतं. तुमच्याकडेही तशी सोय आहे, नवा पंतप्रधान ठरेपर्यंत जुना जागा सोडत नाही. तेव्हा आधी करार छापा, सभासदांना त्यावर मत देऊ द्या, आणि मग राजाच्या भेटीला जा.

सभासदांनो, तुम्हाला शेवटचं सांगणं. नेते हे पान आपणहून घालणार नाहीत. तुमच्या अधिवेशनांत ठराव आणा, उमेदवारी मागणाऱ्याला आधी हा प्रश्न विचारा. आणि पुढच्या वेळी त्या मुलाला आमच्या गल्लीत पाठवाल तेव्हा ते पान त्याच्या फळीवर लावून पाठवा. मी त्याला दारात उभं ठेवणार नाही, आत बोलावीन, चहा टाकीन आणि ते पान त्याच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीन.

आपली,
पश्चिम लंडनमधली एक मतदार